लोकमान्य टिळक : शिक्षा आणि अपील

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्या चरित्राकडे अनेक अंगांनी पाहता येते. केसरीकार टिळक, वेदकालाचा शोध घेणारे टिळक, गीतारहस्यकार टिळक, सार्वजनिक उत्सवांचे प्रवर्तक टिळक ही रूपे आपल्या वाचकांच्या परिचयाची आहेत आणि त्या प्रत्येकावर आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांत एकापेक्षा अधिक ग्रंथ आहेत. त्या मानाने एका अंगाकडे थोडे दुर्लक्ष झाले आहे. टिळक कायद्याचे पदवीधर होते, काही काळ कायद्याचे अध्यापकही होते आणि आयुष्याची जवळजवळ पस्तीस वर्षे त्यांचा न्यायालयांशी संबंध राहिला, तो बहुधा आरोपी म्हणून. १८८२, १८९७, १९०२ ते १९०४, १९०८ आणि १९१६ अशा पाच प्रसंगी फौजदारी कायद्याखाली त्यांच्याविरुद्ध निर्णय झाले. त्यांतले तीन कायम राहिले, दोन वरिष्ठ न्यायालयाने रद्द केले. कायम राहिलेले तीनही निर्णय उच्च न्यायालयाच्या सत्रात ज्यूरीसमोर झालेल्या खटल्यांतले होते. रद्द झालेले दोनही मॅजिस्ट्रेटांचे होते. हा केवळ योगायोग नव्हता. त्यामागे त्या काळच्या न्यायव्यवस्थेची जी रचना होती, ती समजून घेतल्याशिवाय लोकमान्यांच्या खटल्यांचा अर्थ पुरता लागत नाही. आणि या पाचांपैकी शेवटच्या खटल्याचे मूळ ज्या भाषणात होते, त्यांतले पहिले भाषण आपल्या बेळगावातच झालेले असल्यामुळे या शताब्दी ग्रंथात त्या विषयाला स्थान मिळणे उचितच आहे.

जडणघडण आणि पहिला तुरुंगवास

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि संस्कृत व गणित ही दोन्ही विषयांची गोडी मुलाला घरातच लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर टिळकांनी १८७९ साली कायद्याची परीक्षा दिली. वकिली करून पैसा मिळविण्याचा मार्ग समोर मोकळा असताना त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासह शिक्षणाचे काम पत्करले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ च्या जानेवारीत केसरी व मराठा ही पत्रे सुरू झाली.

पत्रे निघून दीड वर्ष होते न होते तोच पहिला खटला आला. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर, अल्पवयी महाराजांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीसंबंधी, गंभीर आरोप करणारा मजकूर या पत्रांतून छापला गेला होता. त्याला आधार म्हणून जी पत्रे टिळक व आगरकर यांच्या हाती आली होती ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैत त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरात बाहेर आले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे स्वतंत्र पुस्तकात लिहिली. टिळकांनी त्यावर पुस्तक लिहिले नाही, परंतु कागदाचे मोल आणि कागदाचा धोका या दोन्ही गोष्टी त्यांनी तेव्हाच ओळखल्या असाव्यात, असे त्यांच्या पुढील सर्व खटल्यांतील सावधपणा पाहता वाटते. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर उपजीविकेसाठी त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला आणि तेथे हायकोर्ट व जिल्हा वकिलीच्या परीक्षांची तयारी करून घेतली. पुराव्याचा कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे त्यांचे रोजचे शिकविण्याचे विषय झाले.

१८९७ : शब्दाच्या अर्थासाठी झगडा

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. प्लेग निवारणाच्या नावाखाली गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत शिरून जी झडती चालविली, तिने लोक संतप्त झाले होते. २२ जून रोजी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या केसरीत, शिवजयंती उत्सवातील व्याख्यानांचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली होती. खुनाशी टिळकांचा संबंध जोडता आला नाही, परंतु या मजकुराबद्दल भारतीय दंडविधानाच्या १२४-अ कलमाखाली राजद्रोहाचा आरोप ठेवून २७ जुलै रोजी त्यांना मुंबईत अटक झाली. प्रथम जामीन नाकारला गेला. पुढे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. त्या अर्जावर टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर दावर हेच पुढे अकरा वर्षांनी न्यायासनावरून टिळकांना शिक्षा सांगणार होते.

सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय होते, उरलेले तीन हिंदी. निकालही तसाच विभागला गेला. सहांनी दोषी ठरविले, तिघांनी निर्दोष. उच्च न्यायालयातील खटल्यात सहा ज्यूरींचे एकमत झाले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले की निर्णय पक्का, असा नियम होता. म्हणजे हवे होते तेवढेच सहा मिळाले. शिक्षा अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची झाली.

या खटल्यातील खरा वाद एका शब्दाचा होता. इंग्रजी कलमात डिसअफेक्शन असा शब्द होता आणि मराठीत त्याला अप्रीती म्हणत. केवळ प्रीती नसणे हाच गुन्हा मानायचा, की सरकार उलथून टाकण्याच्या प्रवृत्तीपर्यंत पोहोचणारा द्वेष त्यासाठी हवा? स्ट्रेची यांनी ज्यूरीला कलम समजावून देताना त्याचा अर्थ फार विस्तृत केला. द्वेष, वैर, तिरस्कार, दुष्टावा अशी कोणत्याही प्रकारची दुर्भावना त्यांनी त्यात आणली. तिची तीव्रता किती होती किंवा लेखनाने प्रत्यक्ष काही दंगा झाला की नाही हे पाहण्याचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले. अशा अर्थाने पाहता सरकारवर कठोर टीका करणारा कोणताही संपादक तुरुंगाच्या दाराशी उभा राहतो.

येथे अपिलाचा प्रश्न आला. उच्च न्यायालयाच्या मूळ फौजदारी अधिकारक्षेत्रात ज्यूरीने दिलेल्या निर्णयावर त्या काळी अपिलाचा हक्कच नव्हता. पुरावा अपुरा होता, ज्यूरींचा कल एकांगी होता, असे कितीही वाटले तरी त्याची पुनः तपासणी करणारे न्यायालय अस्तित्वात नव्हते. उरत होता एकच अरुंद मार्ग. न्यायाधीशाने ज्यूरीला कायदा चुकीचा सांगितला, असा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाकडे दाखला मागायचा आणि तो नाकारला गेला तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे खास परवानगीसाठी जायचे. टिळकांच्या वतीने हे दोन्ही केले गेले. पूर्णपीठाने दाखला नाकारला. नोव्हेंबर १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर टिळकांची बाजू हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ यांनी मांडली. हेच अ‍ॅस्क्विथ १९०८ साली इंग्लंडचे पंतप्रधान झाले, आणि टिळकांना दुसरी शिक्षा झाली ती त्यांच्याच कारकीर्दीत. अप्रीतीचा अर्थ न्यायाधीशांनी चुकीचा सांगितला, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. परंतु प्रिव्ही कौन्सिल स्वतःला फौजदारी अपिलांचे न्यायालय मानीत नसे. न्यायाच्या मूलतत्त्वांचा भंग होऊन घोर अन्याय झाला असेल तरच ते हात घालीत असे. अर्ज फेटाळला गेला.

सुटका झाली ती न्यायालयाच्या मार्गाने नव्हे. प्राच्यविद्यापंडित मॅक्स म्युल्लर, दादाभाई नौरोजी आदींनी केलेल्या विनंतीनंतर सरकारने अटी घालून ६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळकांना मुदतीपूर्वी सोडले. पण दया ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही. दोषसिद्धी तशीच राहिली, स्ट्रेची यांनी लावलेला अर्थही तसाच राहिला आणि १८९८ साली सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बेइमानी व सर्व प्रकारची वैरभावना अप्रीतीत मोडते, असे कलमातच लिहून टाकले.

ताईमहाराज प्रकरण : पुराव्याची कसोटी

दुसरे प्रकरण राजकारणाबाहेरचे होते, आणि कदाचित त्यामुळेच टिळकांना अधिक क्लेशदायक झाले. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित हे टिळकांचे स्नेही. राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटून टिळक बाहेर येतात तोच ७ ऑगस्ट १८९७ रोजी बाबामहाराजांचा अंत झाला. मृत्युपत्रात त्यांनी टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि इतर काही जणांना विश्वस्त नेमले होते. पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना झालेला मुलगा थोड्याच दिवसांत वारला आणि मृत्युपत्राप्रमाणे दत्तक घेण्याचा प्रसंग आला. जून १९०१ मध्ये टिळक व खापर्डे ताईमहाराजांसह तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादेस गेले. तेथे पंडित घराण्याच्याच एका शाखेतील जगन्नाथ नावाचा मुलगा निवडून महिनाअखेरीस दत्तविधान झाले.

पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे मन पालटले. दुसरा मुलगा दत्तक घ्यावा अशी सल्ला देणारी माणसे त्यांच्याभोवती जमली आणि औरंगाबादेस दत्तविधान झालेच नाही, असे त्या म्हणू लागल्या. जुलै १९०१ मध्ये त्यांनी विश्वस्तांना दिलेले प्रोबेट रद्द करण्यासाठी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी टिळकांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात अनेक दिवस उभे ठेवले. एप्रिल १९०२ मध्ये त्यांनी प्रोबेट रद्द तर केलेच, शिवाय खोटी साक्ष देणे, खोटा पुरावा तयार करणे इत्यादी सात आरोपांवरून टिळकांना फौजदारी न्यायालयाकडे पाठविण्याचा हुकूम केला. प्रोबेटसंबंधीचा हुकूम उच्च न्यायालयाने फिरविला, तरीही फौजदारी खटला चालूच राहिला.

खास मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांच्यासमोर तो वर्षाहून अधिक काळ रेंगाळला. २४ ऑगस्ट १९०३ रोजी त्यांनी खोट्या साक्षीच्या आरोपाखाली टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड सुनावला. राजद्रोही म्हटले तर देशभक्ताला त्यात कमीपणा वाटत नाही. खोटी शपथ घेणारा म्हटले तर मात्र त्याच्या सार्वजनिक जीवनाचा पायाच खचतो. सरकारपक्षीय वृत्तपत्रांना हे हवेच होते. नवल हे, की याच वर्षी आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यायालयाच्या तारखा आणि वेदांतील उषःसूक्ते ही दोन्ही ओझी त्यांनी एकाच वेळी वाहिली.

हा निर्णय मॅजिस्ट्रेटचा असल्यामुळे या वेळी अपिलाचे दार उघडे होते. सत्र न्यायाधीश ल्यूकस यांनी जानेवारी १९०४ मध्ये शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोषसिद्धी कायम ठेवली. टिळकांना तुरुंगात नेण्यात आले आणि काही दिवसांतच उच्च न्यायालयाने त्यांना जामिनावर सोडले. फेरतपासणीचा अर्ज मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांच्यासमोर चालला. मार्च १९०४ मध्ये त्यांनी दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्ही रद्द केल्या आणि भरलेला दंड परत देण्यास सांगितले.

खोट्या साक्षीच्या आरोपाचे मर्म येथे ध्यानात घेतले पाहिजे. एखाद्या साक्षीदारावर न्यायाधीशाचा विश्वास बसला नाही, म्हणजे त्याने खोटी शपथ घेतली असे सिद्ध होत नाही. जे विधान खोटे म्हणायचे ते प्रत्यक्षात खोटे होते आणि ते खोटे असल्याचे साक्षीदाराला ठाऊक होते, या दोन्ही गोष्टी फिर्यादी पक्षाने पुराव्याने दाखवाव्या लागतात. अविश्वास आणि दोषसिद्धी यांतील हे अंतर खालच्या दोन न्यायालयांत पुसले गेले होते. ज्याने कधी न्यायालयाची पायरी चढली नाही अशा माणसालाही हे अंतर आपल्या किती उपयोगाचे आहे, हे थोडा विचार केल्यास कळेल.

दत्तकाचा मूळ दिवाणी दावा मात्र पुढे अकरा वर्षे चालला. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ साली औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरविले. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१० साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल उलटविला. त्या निकालाचा अर्थ असा होत होता, की टिळक, खापर्डे आणि इतर साक्षीदार यांनी संगनमताने खोटे सांगितले. अखेर मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून दत्तविधान वैध ठरविले. तो निकाल देताना पुराव्याच्या कायद्यातील एक मोलाचे तत्त्व सांगितले गेले. साक्षीदाराचे पूर्वीचे एखादे विधान किंवा पत्र पुढे करून त्याला खोटा ठरवायचे असेल, तर तो पिंजऱ्यात असतानाच ते त्याच्यासमोर ठेवले पाहिजे आणि खुलासा करण्याची संधी त्याला दिली पाहिजे. ती संधी न देता मागाहून, त्याच्या पाठीमागे, त्याच्या प्रामाणिकपणावर ठपका ठेवणे न्यायाला धरून नाही. भारतातील न्यायालये पुढेही या तत्त्वासाठी टिळकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालाचा आधार घेत आली. मित्राला दिलेल्या शब्दाखातर अठरा वर्षे सोसलेल्या त्रासातून एवढे तरी सार्वजनिक हित निघाले.

१९०८ : बंद दारासमोर

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी एका गाडीवर बाँब टाकला आणि दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यावर केसरीने जे लेख लिहिले त्यांपैकी १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोहोंवर खटला झाला. बाँबचा पुरस्कार या लेखांत नव्हता. दडपशाहीमुळे असे अत्याचार जन्मतात आणि दडपशाही वाढवून ते थांबणार नाहीत, असा त्यांचा रोख होता. २४ जून रोजी टिळकांना अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जीना उभे राहिले, पण न्यायमूर्ती दावर यांनी तो नाकारला. १३ जुलैस खटला सुरू झाला. या वेळच्या खास ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते.

टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तास दहा मिनिटे चालले. त्यांचे मुद्दे भावनेचे नव्हते, कायद्याचे आणि पुराव्याचे होते. पहिला मुद्दा आरोपांच्या एकत्रीकरणाचा. दोन वेगळ्या लेखांवरचे आरोप एकाच खटल्यात गुंफल्याने आरोपीच्या बचावाला बाध येतो, अशी हरकत त्यांनी घेतली. दुसरा मुद्दा भाषांतराचा. लेख मराठी, बहुसंख्य ज्यूरींना मराठी येत नाही, म्हणजे ज्यावर निर्णय व्हायचा तो पुरावा सरकारी भाषांतर हाच. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन त्यांनी शब्दाशब्दातली विकृती दाखविली. इंग्रजीतील राजकीय संज्ञांना मराठीत अद्याप ठरलेले प्रतिशब्द नाहीत, लेखकाला ते घडवावे लागतात आणि कोशातला कडक अर्थ लावून त्याचा हेतू ठरविता येत नाही, असे त्यांनी ज्यूरीला समजावले. तिसरा मुद्दा एका कार्डाचा. झडतीत स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक पोस्टकार्ड सापडले होते आणि सरकारपक्षाने ते मोठ्या खुबीने पुढे मांडले. नव्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यावर लिहायचे म्हणून ती नावे टिपून ठेवली होती, असा साधा खुलासा टिळकांनी दिला. पुस्तकांच्या यादीवरून माणसाचा गुन्हेगारी हेतू ठरू लागला तर ग्रंथालयाचा कोणता सभासद सुरक्षित राहील?

२२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने दोषी ठरविले. राजद्रोहाच्या दोन आरोपांवर प्रत्येकी तीन वर्षे मिळून सहा वर्षे हद्दपारी आणि तिसऱ्या आरोपावर एक हजार रुपये दंड झाला. शिक्षेपूर्वी टिळकांनी थोडकेच शब्द उच्चारले. ज्यूरीचा निर्णय काहीही असला तरी आपण निर्दोष आहोत आणि मानवी न्यायालयाहून श्रेष्ठ अशी शक्ती जगाचे नियमन करते, असा त्यांचा भाव होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिले.

अपिलाची स्थिती १८९७ प्रमाणेच होती. भाषांतर सदोष होते, ज्यूरीत मराठी वाचणारे जवळजवळ कोणी नव्हते, या तक्रारींची पुराव्याच्या अंगाने फेरतपासणी करणारे न्यायालय नव्हतेच. उच्च न्यायालयाने दाखला नाकारला. प्रिव्ही कौन्सिलच्या कामासाठी खापर्डे स्वतः विलायतेस गेले, पण तेथेही परवानगी मिळाली नाही. हद्दपारीचे रूपांतर साध्या कैदेत झाले आणि टिळकांना मंडालेस ठेवण्यात आले. तेथे त्यांनी गीतारहस्य लिहिले. तेथेच १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची तार त्यांना मिळाली. १९१४ च्या जूनमध्ये, शिक्षा जवळजवळ पूर्ण भोगून, ते पुण्यास परतले.

१९१६ : बेळगावचे भाषण आणि उच्च न्यायालय

एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि २८ एप्रिल रोजी येथेच होमरूल लीगची स्थापना झाली. १ मे रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर मराठीतून भाषण केले. ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरास आणखी दोन भाषणे झाली. राजाची सत्ता निराळी आणि रोजचा कारभार करणारी नोकरशाही निराळी, बदलायची आहे ती दुसरी, आणि तीही कायदेशीर मार्गाने, असे त्यांचे सूत्र होते. खेड्यातल्या माणसालाही समजतील असे घरगुती दृष्टान्त त्यांनी दिले होते. सरकारी लघुलेखकांनी ही भाषणे टिपून घेतली.

२३ जुलै १९१६ हा टिळकांचा साठावा वाढदिवस. पुण्यात लोक त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करीत होते, त्याच दिवशी सरकारची नोटीस येऊन पोहोचली. राजद्रोही भाषणे केल्यामुळे चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, याचे कारण दाखविण्यास त्यांना सांगितले होते. जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी १२ ऑगस्ट रोजी वीस हजारांचा मुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीनदार एका वर्षासाठी मागितले. काटेकोरपणे बोलायचे तर ही दोषसिद्धी नव्हती, पण परिणाम त्याहून फारसा वेगळा नव्हता. वर्षभर तोंड उघडले की जबर रक्कम जप्त होण्याची टांगती तलवार डोक्यावर राहणार होती.

सरकारने या वेळी ज्यूरीचा खटला टाळून मॅजिस्ट्रेटचा सोपा मार्ग निवडला होता. त्यामुळेच उच्च न्यायालयाला ती बाब तपासण्याचा पूर्ण अधिकार मिळाला. फेरतपासणीच्या अर्जावर टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहिले आणि न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. त्यांची दृष्टी महत्त्वाची होती. सुटी वाक्ये निवडून त्यांवरून निर्णय करायचा नाही. भाषण संपूर्ण वाचायचे, खुल्या आणि उदार मनाने वाचायचे आणि ऐकणाऱ्यावर त्याचा एकंदर परिणाम काय होईल ते पाहायचे. या कसोटीने पाहता काही वाक्ये जरी आक्षेपार्ह वाटली, तरी राज्यकारभाराच्या पद्धतीत सनदशीर बदल मागणे हाच भाषणांचा आशय होता, आणि तो राजद्रोह नव्हे. बेळगावात झालेले एक मराठी भाषण अशा रीतीने विचारस्वातंत्र्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. होमरूलची मागणी उघडपणे करता येते हे उच्च न्यायालयानेच मान्य केल्यामुळे चळवळीला केवढा जोर आला, हे सांगायला नको.

उत्तरकाळ आणि वारसा

न्यायालयाने लोकमान्यांना नेहमीच हात दिला असे नाही. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर त्यांनी लंडनमध्ये केलेली बदनामीची फिर्याद १९१९ साली फेटाळली गेली आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर आला. परंतु त्याबद्दल ते खचले नाहीत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले. ज्या उच्च न्यायालयात त्यांना शिक्षा झाली, तेथेच १९५६ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्यांच्या १९०८ मधील उद्गारांची शिला बसविण्यात आली.

लोकमान्यांपुढे दोनदा जे दार बंद झाले, ते पुढे हळूहळू उघडले. उच्च न्यायालयाच्या मूळ फौजदारी अधिकारातील निर्णयांवर अपिलाची तरतूद १९४३ साली झाली. स्वतंत्र भारताच्या संविधानाने १३४ व्या आणि १३६ व्या अनुच्छेदांनी सर्वोच्च न्यायालयाला फौजदारी अपिलाचे अधिकार दिले. अप्रीतीचा वादही संपला नव्हता. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ सालीही जुन्या विस्तृत अर्थाचीच पाठराखण केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात तो अर्थ सोडून दिला आणि हिंसेला किंवा सार्वजनिक शांततेच्या भंगाला चिथावणी देणाऱ्या लेखन-भाषणापुरतेच कलम मर्यादित केले. अ‍ॅस्क्विथ यांनी लंडनमध्ये मांडलेली बाजू पासष्ट वर्षांनी दिल्लीत बऱ्याच अंशी मान्य झाली, असे म्हणावयास हरकत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ खालील कारवाया स्थगित ठेवल्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि ते कलम त्या नावाने उरले नाही. परंतु देशाच्या सार्वभौमत्वाला व एकतेला धोका आणणाऱ्या कृत्यांसंबंधीचे १५२ वे कलम नव्या संहितेत आहे, आणि त्याचा अर्थ कसा लावायचा हा प्रश्न नव्या पिढीपुढे आहे.

लोकमान्यांनी कायद्यावर अंधविश्वास ठेवला नाही आणि कायद्याचा धिक्कारही केला नाही. परकी राज्याची न्यायालये ती परकीच आहेत, हे ठाऊक असूनही त्यांनी प्रत्येक निर्णयाविरुद्ध उपलब्ध असलेली शेवटची पायरी गाठली. यश येईल म्हणूनच ते गेले असे नाही. आपले म्हणणे नोंदले जावे, कायद्याचा अर्थ पुराव्याच्या उजेडात तपासला जावा आणि जेथे दार नाही तेथे दार नाही हे जगाला दिसावे, हाही त्यामागचा हेतू असला पाहिजे. त्यांच्या खटल्यांची इतिवृत्ते छापली गेली आणि ग्रंथालयांत जतन झाली, म्हणून आज आपल्याला त्यांचा विचार करता येतो. संपूर्ण वाचल्याशिवाय मत बनवू नये, ही १९१६ च्या निकालातील कसोटी न्यायाधीशांइतकीच वाचकांनाही लागू आहे. ज्या गावात ते भाषण झाले त्या गावातील ग्रंथालयाने शंभर वर्षे हीच सवय आपल्या सभासदांना लावली, आणि पुढेही ती लावीत राहावी.